मागाच्या लाकडाचा पलंग

वडगाव, बेळगाव
४ ऑगस्ट २०२४

किशन,

आशीर्वाद घे आणि खाली बसून वाच. तुला फोन करून उपयोग न्हाय. करवतीच्या मशीनपाशी तीस वर्षं उभं राहून तुझे कान गेलेत. मी एक सांगते, तू 'हां हां आक्का' म्हणतोस आणि दुसरंच करतोस. मागच्या खेपेला पाट सांगितला तर चौरंग धाडलास. म्हणून कागदावर लिहिते. मी चौथीच शिकलेय, अक्षर लागेल तसं लावून घे.

मनिषाची जुळी साडेतीन वर्षांची झाली. पाळणा कधीच सुटला. खाली गादी टाकून झोपतात, पण उचगावच्या त्या घरात पावसाळ्यात फरशीला ओल सुटते. स्वरूपचा खोकला जाईना. डॉक्टरनं सांगितलं, पोरांना जमिनीवरनं उचला. तर तिची सासू जयाबाई मला म्हणती, "पाळणा माहेरनं आलता, मग पलंगबी माहेरनंच येऊ दे की." बोलली गोडच, पण मला कळायचं ते कळलं.

मी शहापुरातली तीन दुकानं फिरले. एका ठिकाणी दुमजली पलंग होता. एक पोर वर, एक खाली, मधी शिडी. जावयाला तो लई आवडला. मी वरचा कठडा धरून हलवला तर अख्खा पलंग डुलायला लागला. दुकानदार म्हणतोय, "गट्टी ऐतरी अक्का", म्हणजे घट्ट हाय. मी म्हटलं, मग तू वर चढून झोप, मी खालनं हलवते. तो काय चढला न्हाय. दुसऱ्या दुकानात मोटारीच्या आकाराचा, लालभडक. वाकून खालनं बघितलं तर दाबलेल्या भुशाच्या पाट्या, वर कागद चिकटवलेला, स्क्रूची टोकं बाहेर. असल्यावर मी चप्पलबी ठेवणार न्हाय.

मग मीच ठरवलं. माझा हातमाग सोडवून तुझ्याकडं धाडते. आपल्या आप्पांनी माझ्या लग्नात सागवानाचा करून दिला. सत्तावीस वर्षं त्याच्यावर साड्या विणल्या. आता सहा वर्षं नुसता उभा हाय. मी पावरलूमवर रोजानं जाते, ह्याच्यावर कोण बसत न्हाय. विकायला मन होईना. पोरांच्या अंगाखाली गेला तर बरं वाटंल.

कसा पाहिजे ते नीट वाच. बुटका कर, पोर पडलं तरी रडून गप बसंल एवढाच उंच. तीन बाजूंनी कठडा, चौथ्या बाजूला उतरायला जागा. कठड्याच्या पट्ट्या जवळजवळ, मधनं डोकं जाता कामा नये. कोपरे घासून गोल. खिळा एकबी नको, आप्पा करायचे तसं खाचा पाडून बसव. आणि रंग नको. लाकूड दिसू दे.

तुझी आक्का
अंजनी


निपाणी
१३ ऑगस्ट २०२४

ती. आक्का,

पाया पडतो. तुझं पत्र आणि टेम्पो एकाच दिवशी पोचले. लाकूड मी स्वतः उतरवून घेतलं, कामगारांना हात लावू दिला नाही. काय सागवान आहे गं. असलं आता बघायला मिळत नाही. नवीन सागवान हातात घेतलं तर पोकळ वाटतं, हे कसं दगडासारखं बसतं. दोन दिवस दुकानात मधोमध ठेवून नुसता बघत होतो. चिन्मय म्हणाला, "बाबा, पूजा घालताय काय त्याची?"

तू लिहिलंस तसंच करतो, काळजी करू नकोस. दिवाळीपर्यंत उचगावला पोच करतो. तुझं पत्र फळीवर चिकटवून ठेवलंय, बघत बघत काम करायला.

आमचा नातू केयूर दीड वर्षाचा झाला. तोही पाळण्याबाहेर पाय टाकायला लागलाय. रचना तुला नमस्कार सांगते. सून चांगली मिळाली बघ, माझ्या कानात ओरडून बोलायचा कंटाळा करत नाही.

तुझा
किशन


वडगाव
५ नोव्हेंबर २०२४

किशन,

पलंग पोचला. पोरं खूश हाईत. स्वरूपनं सगळ्या बाहुल्या तिथं नेऊन झोपवल्या आणि शाल्मलीला म्हणाला तू खाली झोप. जयाबाईनं आजूबाजूच्या बायका बोलावल्या, हे बघा आमच्या विहिणीनं हातमाग मोडून पलंग केला म्हणून दाखवलं. सहा वर्षांत ती बाई माझ्याबद्दल पहिल्यांदा बरं बोलली. मनिषाचा चेहरा बघायला पाहिजे होतास.

आता दुसरं. मी लिहिलंतं रंग नको. तू पांढरा ऑइल पेंट फासून वर फुलपाखरं काढलीस. सागवानाला कोण ऑइल पेंट देतं रं? सुतार हायस का शाळेची भिंत रंगवणारा? आणि मला वाटलंतं उचलायला चार माणसं लागतील. जावई एकटाच उचलून आत घेऊन गेला. तो काय पैलवान न्हाय, तू त्याला बघितलायस. फळ्या तासून बारीक केल्यास का?

मला आवडलं न्हाय. पोरांना आवडलं म्हणून गप बसते.

आक्का


निपाणी
१५ नोव्हेंबर २०२४

ती. आक्का,

पलंग आवडला हे वाचून समाधान झालं. रंगाचं सांगतो. लहान पोरं कठड्याला तोंड लावतात, पॉलिश चाटलेलं बरं नसतं. आणि आजकालच्या पोरांना रंगीतच लागतं. वजनाचं म्हणशील तर मुलांचा पलंग हलकाच असावा लागतो, झाडलोट करताना बाईला एकटीला सरकवता आला पाहिजे. ह्या धंद्यात केस पांढरे झालेत माझे.

तू उगीच मनात काही आणू नकोस. मी तुझा भाऊ आहे, दुकानदार नाही.

किशन


वडगाव
३ जुलै २०२५

किशन,

पलंग मोडला.

परवा दुपारी पाऊस होता. पोरं अंगणवाडीतनं येऊन पलंगावर बसलीती. उड्या मारत न्हवती, बसलीती, हे आधी वाच. पायाकडचा कोपरा खाली गेला आणि शाल्मली कठड्यासकट फरशीवर आपटली. गळ्याजवळचं हाड मोडलंय. हात गळ्यात बांधलाय. पोर रडायचं सोडून आईला विचारतीय, पलंग मोडला म्हणून आज्जी रागवंल का.

मी लगेच गेले. पलंगाचा मोडलेला पाय हातात घेतला. रंगाच्या आत लाकूड न्हाय रं. भुसा हाय. ओल पिऊन पावासारखा फुगलाय, नखानं खरवडला तर भुरभुर खाली पडला. दुकानात जो बघून मी नाक मुरडलंतं तोच. जयाबाईनं तो सगळा सुपात भरून उंबऱ्यात ठेवलाय. येईल त्याला सांगती, "बघा, आमच्या विहिणीचा सागवानी माग." मला बस म्हणाली न्हाय. मी उभीच होते. मनिषा आतनं बाहेर आली न्हाय.

मला एवढंच सांग. माझं लाकूड कुठं हाय?

अंजनी


निपाणी
११ जुलै २०२५

ती. आक्का,

तुझं पत्र वाचलं. शाल्मलीला मी येऊन बघून जाणार आहे.

आता लपवत नाही. तुझ्या लाकडाला कीड लागली होती. वरून चांगलं दिसत होतं, रंधा मारला तर आतून पीठ गळायला लागलं. एक फळी हातातच मोडली. आप्पांच्या हातचा माग, तुझा त्याच्यावर किती जीव, तुला कोणत्या तोंडानं सांगायचं? सांगितलं असतं तर तू जेवण सोडलं असतंस. म्हणून मी ते बंबात घातलं आणि जवळ होती ती भुशाची पाटी वापरून पलंग केला. आतलं दिसू नये म्हणून रंग दिला. उचगावची ओल माझ्या ध्यानात आली नाही, ती चूक माझी.

दुसरा पलंग करून देतो. पण तू एवढ्यात इकडे येऊ नकोस, घरात बांधकाम काढलंय, तुला धुळीचा त्रास होईल. मीच येतो.

तुझा
किशन


वडगाव
४ ऑगस्ट २०२५

किशन,

तुझं पत्र येऊन लई दिवस झाले. लिहायला बसायचे आणि उठायचे.

माग होता तिथं पाय सोडायचा खड्डा अजून तसाच हाय. त्याच्या काठावर बसून विचार केला. सहा वर्षं मी त्या मागावर जुन्या गोधड्या टाकून ठेवल्या. तेल न्हाय, ऊन न्हाय, एकदा झटकलाबी न्हाय. कीड लागली ती माझ्यामुळं. तू ते झाकलंस आणि मी तुला चोर समजले. तोंडानं न्हाय, पण मनात चारदा म्हणाले. तेवढं माफ कर.

पण सांगायला पाहिजे होतंस. मी काय काचेची हाय? नवऱ्याला पोचवून दुसऱ्या आठवड्यात पावरलूमवर उभी राहिलेली बाई मी. लाकूड किडलं म्हणून जेवण सोडते व्हय?

गेल्या रविवारी उचगावला जाऊन आले. जयाबाईला सगळ्यांसमोर सांगितलं, भावाला बोल लावू नका, किडकं लाकूड मीच दिलंतं. हात जोडले. आजवर कुणाला जोडले न्हवते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "किडकं होतं तर पोरांना द्यायचंच कशाला?"

शाल्मलीचा हात सुटला. पण पलंगावर चढायचं म्हटलं की मनिषाला मिठी मारती. तू येतो म्हणालास, अजून फिरकला न्हाईस. राखी सोबत हाय. केयूरकडनं बांधून घे, माझ्या नावानं.

तुझी आक्का


निपाणी
१६ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

सप्रेम नमस्कार. तुमची राखी वेळेवर मिळाली. केयूरने ती मामंजींना बांधली आणि लगेच स्वतःलाच हवी म्हणून सोडूनही घेतली.

तुम्हाला पत्र लिहायचं वर्षभर मनात होतं. मामंजी नेहमी म्हणत, मी कळवलंय, तू कशाला लिहितेस. पण स्वतःच्या शब्दांत आभार मानल्याशिवाय मला बरं वाटेना. तुम्ही तुमच्या हातमागाचं लाकूड आमच्या केयूरच्या पलंगासाठी दिलंत. आप्पा-आजोबांची आठवण पणतवाकडे राहावी, असं तुम्ही म्हणालात म्हणे. इतकं मोठं मन कोणाचं असतं?

पलंग इतका सुरेख झालाय. एकही खिळा नाही. मामंजींनी दोन महिने दुसरं काम हातात घेतलं नव्हतं. मागावर विणताना तुमच्या पोटाला लागायचं ते आडवं लाकूड त्यांनी उशाकडे बसवलंय. मधोमध झिजून खोलगट झालंय ना, केयूर त्यात हात ठेवूनच झोपतो. दुसरीकडे झोपवलं तर रडतो.

शाल्मली पडल्याचं मला परवा कळलं. उचगावचा पलंग दुकानातून घेतला होता का? मामंजींना विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करतात. आता कशी आहे ती? बांधकाम संपलंय, तुम्ही नक्की या.

तुमची
रचना


वडगाव
२० ऑगस्ट २०२५

किशन,

रचनाचं पत्र आलंय. मी ते हातानं उतरवून काढलं, दोन दिवस लागले. सोबत ठेवलंय. वाच.

पीठ गळायला लागलं म्हणालास. बंबात घातलं म्हणालास. माझ्या पोरीच्या पोरीचं हाड मोडलं, त्या दुपारी तुझा नातू माझ्या मागावर झोपलाता. मी खड्ड्याच्या काठावर बसून स्वतःला दोष देत होते. त्या बाईपुढं हात जोडून किडकं मी दिलं म्हणाले, आणि ते तुला लिहून कळवलं. ते वाचूनबी तुला कागद घ्यावासा वाटला न्हाय?

राखी मात्र बांधून घेतलीस.

अंजनी


निपाणी
२६ ऑगस्ट २०२५

ती. आक्का,

खोटं बोललो. कीड वगैरे काही नव्हती.

पण टेम्पो आला तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं, केयूरची शपथ. ते लाकूड बघत बसलो आणि एकेक आठवायला लागलं. आप्पांनी दांडेलीहून ते सागवान आणलं तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. तुझ्या मागाला रंधा मी मारला, खाचा मी पाडल्या, हाताला फोड आले. मी म्हटलं, आप्पा, ह्यातली एक फळी मला ठेवा. म्हणाले, हे पोरीला जाणार. तुला सागवान मिळालं आणि मला करवत. त्या करवतीनं कान नेले.

आता तेच लाकूड उचगावच्या लोकांच्या घरात जायचं, आणि आप्पांचा पणतू पाटीच्या पलंगावर झोपायचा. हे सहन झालं नाही. हात तिकडे वळला. पाटी चार-पाच वर्षं टिकेल, तोवर पोरं मोठी होतील, कोणाला कळणार नाही, असं वाटलं. पोर पडेल असं स्वप्नात नव्हतं. उचगावला यायचं धाडस झालं नाही.

पलंग तुझा आहे. पाहिजे तेव्हा घेऊन जा, मी आडवा येणार नाही. फक्त रचनाला काही सांगू नकोस. ह्या घरात ती एकटीच मला मान देते.

किशन


निपाणी, तुझ्याच घरातनं
७ सप्टेंबर २०२५

किशन,

तू चिकोडीला लाकूड बघायला गेलायस म्हणून रचनाकडनं वहीचा कागद मागून घेतला. ती खाली चहा ठेवतीय.

काल गणपती पोचवले आणि आज आले. बाईला बस फुकट असताना टेम्पो करून आले. दोरखंड आणलाय, पलंगाला खरचटू नये म्हणून गोधड्या आणल्यात. टेम्पो कोपऱ्यावर उभा केलाय. रचनाला म्हटलं, केयूरला बघायला आले.

वर आले तर पोर पालथं झोपलेलं, तोंड उघडं, लाळ उशीवर, हात त्या खोलगट जागेत. मनिषा पोटात होती तवा ते लाकूड घासायचं म्हणून मी तिरकी बसायचे. नववा महिना लागेपर्यंत विणलं. मी कठडा धरून गदागदा हलवला. करकर न्हाय, काय न्हाय. पोर जागंबी झालं न्हाय. पट्ट्या जवळजवळ, कोपरे गोल, बुटका, तीन बाजूंनी कठडा. मी लिहिलंतं तसं सगळं, एक अक्षर चुकला न्हाईस. माझं पत्र समोर ठेवूनच केलास. फक्त पोर बदललंस.

झोपलेल्या पोराला उचलून त्याच्याखालनं लाकूड काढायला माझा हात धजला न्हाय. टेम्पो रिकामाच नेते. तुझ्यासाठी केलं असं समजू नको.

आता ज्याच्यासाठी लिहितेय ते. पलंग तू खिडकीला लावलायस. पोरानं कठड्यावर पाय दिला की थेट खिडकीत. आणि खिडकीला गज न्हाईत, नुसती डासाची जाळी, ती बोटानं ढकलली तर हातात आली. खाली तुझ्या कापलेल्या फळ्या टोकं वर करून उभ्या हाईत. मी आणि रचनानं दोन्हीकडनं धरून ओढला, तसूभर हलला न्हाय. भिंतीत लोखंडी पट्टी ठोकून आवळलायस. रचना म्हणाली, वारा येतो म्हणून मामंजींनीच तिथं लावलाय, माझं ऐकत न्हाईत. तर माझं ऐक. आल्या पावली पट्टी काढ आणि पलंग आतल्या भिंतीला घे. गज बसेपर्यंत पोर ह्या खोलीत नको. तोवर त्याला खाली घेऊन झोप म्हणून मी रचनाला सांगितलंय.

तुझ्या पत्रातलं एकच बोलते. शाल्मलीबी आप्पांची पणतीच.

रचनाला मी काय सांगितलं न्हाय. तुझी मान वर राहावी म्हणून न्हाय, तुझ्या तोंडानं सांगायचंय म्हणून. तिला सांगून झालं की उचगावला जा. जयाबाईपुढं मी तुझ्यासाठी खोटं बोललेय, ते तू जाऊन पुसायचं. आणि नवा पलंग धाडू नको. येळ्ळूरच्या वेल्डरकडं लोखंडी करायला टाकलाय. जोडाला टाका मारताना मी शेजारी उभी असते. तो वैतागलाय माझ्यावर, वैतागू दे.

चिठ्ठी चिकटवून रचनाच्या हातात देते. गज बसले की तिला दोन ओळी लिहायला सांग. तुझ्या अक्षरात नको.

अंजनी